दोनपासून सुरू होणारा तक्ता

सुरुवातीलाच माफी मागते. सरांवर लिहिण्याचा अधिकार माझा नाही. त्यांच्याबरोबर पंचवीस-तीस वर्षं काम केलेली माणसं सांगलीत आणि साताऱ्यात आहेत, खरं तर त्यांनी लिहायला हवं. मी त्यांच्याकडे जेमतेम वर्षभर जात होते, तेही आठवड्यातून तीन दिवस. शिवाय आमच्या घरात आजवर अर्जाशिवाय कुणी काही लिहिलेलं नाही. आजोबांनी कुणाकडून तरी लिहून घेतलेला अर्ज मेंढरं चारायला परवानगी मिळावी म्हणून होता. वडिलांचा विजेच्या खांबासाठी. कॉलेजात पोचलेली मी पहिलीच. म्हणून या लिखाणात मधेच कुठे 'तरी कृपया विचार व्हावा' असं आलं, तर समजून घ्यावं.

सर शिक्षक नव्हते आणि डॉक्टरही नव्हते. सरकारी दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर त्यांना राज्याच्या एका सल्लागार समितीवर घेतलं. जगात कुठे नवं वैद्यकीय यंत्र येतंय, कुठे नवी तपासणी निघतेय, यावर लक्ष ठेवायचं आणि आपल्या गावोगावच्या दवाखान्यांसाठी ते घ्यावं की थांबावं, हे शासनाला सांगायचं, असं त्या समितीचं काम. बाकीचे सभासद मोठमोठ्या पदव्यांचे होते. सरांकडे एक जुना डिप्लोमा आणि एक स्क्रूड्रायव्हर होता. कुणी त्यांना 'डॉक्टर' म्हटलं की ते लगेच तोडायचे, "मी पेशंट बरा करत न्हाई. पेशंटला ताटकळत ठेवतंय ते मशीन बरं करतो."

ते माधवनगरला राहायचे. त्यांचे वडील तिथल्या गिरणीत मागावर कामाला होते. माग बिघडायच्या आधी त्याचा आवाज बदलतो, हे सर लहानपणीच शिकले होते. स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकत बसायचं, ही त्यांची सवय. ज्या यंत्रात फिरणारा एकही भाग नाही, त्यालाही ते असंच ऐकायचे. मी एकदा भीतभीत विचारलं, "सर, यात ऐकू काय येतं?"

"काय न्हाई. पण ऐकतोय तवर कंपनीचा माणूस गप बसतो."

त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात कपडे वाळत घालायच्या चार दोऱ्या आडव्या बांधलेल्या होत्या. त्यांवर चिमट्यांनी चिठ्ठ्या अडकवलेल्या. पहिल्या दोरीच्या टोकाला पुठ्ठा होता: 'लांब हाय'. दुसरीला 'वेशीत आलं', तिसरीला 'घरात आलं' आणि चौथीला 'परत गेलं'. एकेक चिठ्ठी म्हणजे एकेक नवी गोष्ट. दंडाला चिकटवायची साखर मोजणारी चकती. छातीचा फोटो स्वतः वाचणारा कॉम्प्युटर. दर गुरुवारी सकाळी सर त्या दोऱ्यांखालून फिरायचे आणि चिठ्ठ्या एका दोरीवरून दुसरीवर सरकवायचे. एखादी चिठ्ठी दोन-दोन वर्षं 'वेशीत'च असायची. दोऱ्या मुद्दाम खाली बांधलेल्या होत्या. येणाऱ्या प्रत्येकाला वाकावं लागायचं.

"वहीत लिवलं की वही मिटता येती," ते म्हणायचे. "दोरी डोक्याला लागती."

मी तेव्हा सांगलीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय संख्याशास्त्र. प्रकल्पासाठी आमच्या बाईंनी मला सरांकडे पाठवलं. पहिल्या दिवशी त्यांनी एक इंग्रजी लेख पुढे ठेवला आणि वाचून अर्थ सांगायला लावला. मी तिसऱ्या ओळीला अडले. माझं इंग्रजी पक्कं नाही, हे सांगून टाकलं. ते उलट खूश झाले.

"कच्चं हाय हे बरं हाय. ज्याचं पक्कं असतंय त्यो न कळलेलं बी कळलं म्हणून पुढं सरकतो. तू अडलीस की सांग. अडलेल्या जागीच काय तर असतंय."

एवढं बोलून त्यांनी मला भडंग दिलं. भडंग ते अवजारं निर्जंतुक करायच्या जुन्या स्टीलच्या ड्रममध्ये ठेवायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला "घ्या, निर्जंतुक हाय" म्हणून आग्रह करायचे आणि पाहुण्याचा घास तोंडाशी थांबला की मनापासून हसायचे.

नवं यंत्र त्यांच्याकडे आलं की त्याचा प्रवास ठरलेला असे. आधी ते सुती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून जेवणाच्या मोठ्या डब्यात जायचं. मग डबा घेऊन सर एसटीच्या शेवटच्या बाकावर बसायचे, कारण सगळ्यात जास्त दणके तिथे बसतात. एक फेरी पाटणच्या बाजूला, ऐन श्रावणात, जिथे भिंतीला हात लावला तर ओला होतो. दुसरी आटपाडीच्या बाजूला, जिथे पुसलेल्या टेबलावर दुपारपर्यंत बोटानं नाव लिहिता येतं. तिथल्या उपकेंद्रात पत्र्याखालच्या खिडकीत ते यंत्र आठ दिवस नुसतं ठेवायचं. चालू करायचं नाही, काही नाही. त्यानंतर चालू करून बघायचं. कंपनीची माणसं याला हसायची. एकदा टाय लावलेला एक तरुण अधिकारी म्हणाला, "सर, आमच्या यंत्राची परदेशात चाचणी झालीय."

"व्हय, पण तिथं पाल हाय का?"

"पाल?"

"भिंतीवरची. आमच्या उपकेंद्रातली पाल रातच्याला गरम मशीनच्या पोटात जाऊन बसती. आमी तिला काय परदेशी धाडणार न्हाई."

मग त्यांचे नेहमीचे तीन प्रश्न. बिघडलं तर कोण येणार? किती दिवसांनी येणार? आणि तोवर तिथल्या सिस्टरनं काय करायचं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सगळ्यांकडे तयार असत. तिसऱ्याला बहुतेक जण पाण्याचा ग्लास उचलायचे.

त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात टॉवेल झाकलेलं काहीतरी असायचं. मी बरेच दिवस विचारलं नाही. शेवटी एकदा झाडताना टॉवेल सरकला. नुकत्याच जन्मलेल्या बाळांना ऊब देणारं ते यंत्र होतं, बंद पडलेलं. सर म्हणाले, "ते माझं 'हो' हाय." नोकरीत असताना कुठल्याशा बैठकीत त्यांना विचारलं होतं, घ्यावं का? टेबलावर ते छान चाललं होतं. सर हो म्हणाले. यंत्रं केंद्राकेंद्रांत गेली. वर्षभरात त्यांचा एक भाग जळू लागला आणि तो भाग कुठेच मिळेना. पुढे कुठे त्यावर रजिस्टरं ठेवली गेली, कुठे फुलदाणी. सरांनी त्यातलं एक मागून घरी आणलं आणि दुरुस्त न करता ठेवलं. "दुरुस्त केलं तर इसरंन," एवढंच ते म्हणाले. त्या यंत्रांच्या भरवशावर राहिलेल्या बाळांचं काय झालं, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला बसले.

बोटाला चिमट्यासारखं लावायचं एक यंत्र 'वेशीत' आलं होतं. सुई न टोचता, उजेडावरून ते अंगातलं रक्ताचं प्रमाण सांगायचं. बायकांमधला रक्तक्षय शोधायला ते प्रत्येक उपकेंद्रात द्यावं का, हे राज्याला लवकर ठरवायचं होतं. मोठ्या इस्पितळात त्याची परीक्षा झाली होती. गावात ते कसं वागतं, एवढंच सरांना बघायचं होतं. त्यांनी परवानगीचे कागद केले आणि ते काम माझ्याकडे दिलं. ठिकाण आटपाडीच्या बाजूचं, म्हणजे माझं गाव आणि आजूबाजूच्या वाड्या. पौषातली थंडी होती. डाळिंबाच्या बागेत कामाला जायच्या आधी बायका उपकेंद्रात यायच्या. सिस्टर चिमटा लावायच्या, मी आकडा लिहायची. आकडा फारच कमी आला तर सुईनं खात्री करायची, असं ठरलेलं होतं.

सगळ्यात पहिली मी आईला बसवली. मला मिरवायचं होतं. चिमटा लावला आणि पडद्यावर नुसत्या दोन रेघा आल्या. बोट बदललं, तरी रेघाच. कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, रीडिंग न आल्यास थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा. बाहेर बायका खोळंबल्या होत्या.

आई हसली. "मशीनला बी मी दिसंना व्हय गं? बरं झालं. जाते मी, मुकादम वराडतोय."

सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. आणि पुढच्या बाईला बसवलं.

महिनाभरानं मी तक्ता केला. स्वच्छ, रकाने आखलेला, खाली सरासरी. ज्यांचं रीडिंग आलं नाही त्या ओळी मी काढून टाकल्या. कॉलेजात आम्हाला तसंच शिकवलं होतं, अपुरी माहिती हिशेबात धरू नये. यंत्राचं चित्र फार चांगलं दिसत होतं. मला वाटलं, सर शाबासकी देतील.

सरांनी तक्ता हातात घेतला. सरासरीकडे बघितलंच नाही. चष्मा कपाळावर सरकवून वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"दोनपासनं सुरू होतोय. एक कुठं गेली?"

"सर, त्यांचं रीडिंग आलं नाही."

"कोण हुती?"

त्यांनी वर बघितलं.

"आई," मी म्हणाले.

मग त्यांनी बोट खाली सरकवत नेलं. सात नाही. अकरा नाही. अठरा-एकोणीस नाहीत. प्रत्येक गाळलेल्या जागी ते थांबत होते आणि मला नावं आठवत होती. थंडीत गारठलेले हात. फांद्या छाटून, काटे रुतून जाड झालेली बोटं. आणि मग मला दुसरंच काहीतरी आठवलं. आई हल्ली विहिरीवरून येताना मधे बसायची. पायऱ्या चढताना भिंत धरायची. मी विचारलं की म्हणायची, वय झालं. तिचं वय चाळीसही नव्हतं.

"सर, ज्यांच्या अंगात रक्तच कमी, त्यांचे हात गार असणार," मी म्हणाले. "म्हणजे यंत्राला ज्या दिसल्या नाहीत, त्याच..."

"सगळ्याच तशा असतील असं न्हाई. पण त्यातच असतील." ते उठले. "ऊठ. आटपाडी गाडी किती वाजता हाय?"

ते मला रागावले असते तर बरं वाटलं असतं. तीन तासांच्या प्रवासात, शेवटच्या बाकावर, मांडीवर डबा धरून ते खिडकीबाहेर बघत बसले होते. डब्यात चिमटा होता आणि उपकेंद्रातल्या सिस्टरना फोन करून सुईची पेटी काढून ठेवायला सांगितलं होतं. फोनवर सिस्टर खरं तेच बोलल्या, "सर, तसा कमी आकडा कुणाचा आलाच न्हाई, मशीन आल्यापासनं पेटी कपाटातच हाय."

आई बागेत होती. सरांना बघून तिनं पदर सावरला. "आवं सर, तुमी कशाला आला एवढ्या लांब? पोरीनं काय चुकवलं का?"

सरांनी हात जोडले. त्यांना असे हात जोडताना मी कुणापुढे पाहिलं नव्हतं. "ताई, मशीनला तुमी दिसला न्हाई, ही मशीनची चूक. आमाला बी दिसला न्हाई, ही आमची. तिची एकटीची न्हवं, माजी बी. रेघा आल्या तर काय करायचं ते मी हिला सांगितलंच न्हवतं."

"आवं, त्यात काय एवढं! मला काय झालंय?"

उपकेंद्रात सिस्टरनी सुई टोचली. आकडा बघितला. मग दुसऱ्या बोटाला पुन्हा टोचली. तोच आकडा. "वैनी, तुम्ही चालत कशा आलात?" त्या एवढंच म्हणाल्या. अंगावरून जाणं किती महिने चाललं होतं, ते आईनं तेव्हा पहिल्यांदा सांगितलं, तेही सरांना बाहेर पाठवून. त्याच दिवशी तिला तालुक्याला नेलं, तिथून पुढे सांगलीला. रक्त चढवलं, उपचार झाले. डॉक्टर म्हणाले, अजून काही आठवडे गेले असते तर हृदयावर बेतलं असतं.

आई दवाखान्यात असताना सर आणि सिस्टर गाळलेल्या ओळींच्या दारोदार फिरले. सगळ्यांना सुईनं तपासलं. काही धडधाकट निघाल्या, नुसते हात गार होते. पण आईसारख्या आणखी दोघी सापडल्या.

मी प्रकल्प सोडायचं ठरवलं होतं. तसं सांगायला गेले तेव्हा सर समितीसाठी टिपण लिहीत होते. एकच पान, हातानं लिहिलेलं.

"बस. तुजी परवानगी पायजे. तक्त्यातल्या ओळी गळल्या, हे मला यात लिवायचंय."

मला रडू आलं. "सर, लिहा. माझीच चूक आहे."

"चूक म्हणून न्हाई लिवत बाय. पुरावा म्हणून लिवतोय. तू मन लावून काम करणारी पोरगी. सख्ख्या आईची ओळ तुज्या हातनं गेली. मग जिल्ह्याजिल्ह्यात बसून शेकडो माणसं तक्ते करतील, त्यांच्या हातनं कुणाकुणाच्या आया जातील? ही यंत्राची सगळ्यात मोठी खोट हाय, आणि ती यंत्रात न्हाई."

मी त्या क्षणी त्यांच्याकडे बघतच राहिले. माझी लाज त्यांनी उचलली, उलटीसुलटी करून पाहिली, स्क्रूड्रायव्हर लावून ऐकली असावी तशी, आणि तिचं काहीतरी उपयोगाचं करून माझ्या हातात परत दिली. मी प्रकल्प सोडला नाही.

समितीची बैठक लॅपटॉपवर झाली. लॅपटॉप मी मैत्रिणीचा आणला होता आणि सरांच्या चेहऱ्यासमोर धरून बसले होते, कारण दोऱ्यांमुळे टेबल नीट लावता येत नव्हतं. पडद्यावर दहा-बारा चौकोन. सरांनी सांगितलं, यंत्र चांगलं आहे, सुईला घाबरून न येणाऱ्या बायका येतात. घ्या. पण दोन अटींवर. रीडिंग आलं नाही तर त्याच बैठकीत सुई टोचायची, पेटी कपाटात जायची नाही. आणि प्रत्येक अहवालात पहिला रकाना रीडिंग न आलेल्यांचा, नावगावासकट.

कंपनीचे प्रतिनिधी म्हणाले, असं प्रमाण प्रत्येक यंत्रात थोडंफार असतंच. अध्यक्ष म्हणाले, "मुद्दा नोंदवला. वेळ कमी आहे."

"वेळ लागणार न्हाई," सर म्हणाले. "नुसती नावं वाचतो." आणि ते वाचू लागले. बाईचं नाव, वाडीचं नाव. सात नंबर. अकरा नंबर. कुणीतरी खाकरलं, कुणी आपला आवाज बंद केला. सर सावकाश वाचत राहिले. शेवटचं नाव झाल्यावर त्यांनी कागद माझ्या हातात दिला.

"पहिली ओळ तू वाच."

मी लॅपटॉप सांभाळत आईचं पूर्ण नाव वाचलं. गाव वाचलं. आमच्या घरातलं नाव कुठल्या सरकारी बैठकीत तेव्हा पहिल्यांदा उच्चारलं गेलं असावं.

निर्णय त्या दिवशी झाला नाही. पुढे कित्येक महिनेही झाला नाही. सरांना पुढच्या बैठकीचं बोलावणं आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. समितीची नव्यानं रचना झाली, असं कुणीतरी सांगितलं. सर दर गुरुवारी दोऱ्यांखालून फिरत राहिले. चिमट्याच्या यंत्राची चिठ्ठी 'वेशीत'च होती. मी मात्र पाहिलं, की टॉवेलखालचं ते जुनं यंत्र ते अधूनमधून उघडून बघू लागले होते. अटी घालून आपण यावेळी 'हो' म्हणायला उशीर केला का, असं त्यांना वाटत असावं. थांबण्याचीही किंमत कुणीतरी बाई देतच असते, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

मी एम.एस्सी.ला गेले. त्यांचा फोन यायचा. पहिला प्रश्न कायम तोच, "पहिली ओळ कशी हाय?" मी सांगायची, आई परत बागेत जाते, मुकादमाशी भांडते. मग ते फोन ठेवायचे. माझी चौकशी नाहीच.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. मुलीनं त्यांना साताऱ्याला आपल्या घरी नेलं. उजवा हात गेला, बोलणं तुटक झालं. माधवनगरच्या दोऱ्या आता रिकाम्या आहेत, चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांनी माझ्याकडे दिलाय.

गेल्या महिन्यात उपकेंद्रातल्या सिस्टरनी मला एक फोटो पाठवला. चिमट्याचं नवं यंत्र गावात आलं होतं, सगळीकडेच जाणार होतं. सोबत शासनाची सूचना आणि अहवालाचा नमुना. मी ते छापून घेतलं आणि साताऱ्याची गाडी धरली.

सर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मुलगी म्हणाली, "आण्णा, सांगलीची तुमची पोरगी आली." त्यांनी डाव्या हातानं बस म्हणून खूण केली. मी सूचना वाचू लागले. त्यांनी डोळे मिटून घेतले, ऐकताना मिटायचे तसे. यंत्राचं नाव, किती उपकेंद्रं, प्रशिक्षण कधी. त्यांचा चेहरा हलला नाही. मग मी वाचलं, 'रीडिंग न आल्यास त्याच भेटीत सुईने तपासणी करणे बंधनकारक राहील.'

त्यांनी डोळे उघडले.

मी नमुना त्यांच्यासमोर धरला. पहिला रकाना होता: रीडिंग न आलेल्या व्यक्तीचे नाव व गाव. कुठेही सरांचं नाव नव्हतं, ना त्यांच्या टिपणाचा उल्लेख. त्यांनी डावं बोट त्या रकान्यावर ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मग माझ्या पिशवीतल्या फोनकडे खूण केली. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला, मी थांबले.

"पहिल्या ओळीला," ते म्हणाले, "आदी कळीव."